जाळीतली करवंदं, परसातले रातांबे

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना अर्ध्यावर आला. घाटातल्या वळणांवर पानाच्या द्रोणांतून ‘डोंगरची काळी मैना’ विकायला आली असेल. ती विकत घेऊन जरूर खा. पण एखाद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, पोरांना घेऊन स्वतः जाळीपाशी जा.

करवंदाचे काटे जोडीनं असतात. हात आत सहज जातो, बाहेर काढताना मात्र सावकाश. काळं करवंद बोट लागताच सुटतं. ओढावं लागलं तर ते तयार नाही समजायचं. देठाशी पांढरा चीक येतो, बोटं चिकट होतात, म्हणून निघतानाच हाताला खोबरेल चोळावं. खोल डबा नेऊ नका, तळची फळं चेंगरतात. पसरट टोपली बरी. फांद्या मोडू नका आणि वरच्या शेंड्याची राहू द्या, ती बुलबुलांची. पोरं मध्येच करवंद चावून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळत बसतील. आत लाल निघालं तर कोंबडा! बसू द्या त्यांना.

घरी आणलेली फळं त्याच दिवशी शिजवा. जेलीसाठी नुसती काळी नकोत. आमच्या आजेसासूबाई चार वाट्या काळ्या करवंदांत वाटीभर अर्धीकच्ची, लालसर घालायच्या. त्यांचं ऐकलं नाही त्या वर्षी माझ्या पातेल्यात सरबत उरलं. कच्च्या फळात पेक्टिन जास्त असतं, जेली धरते ती त्याच्यामुळे. फळं बुडतील इतकंच पाणी घालून मऊ शिजवा, मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवा. फडकं पिळायचं नाही, पिळलं की रस गढूळ होतो. सकाळी जितका रस तितकी साखर घालून स्टीलच्या पातेल्यात उकळा. डाव तिरका धरला की थेंब आधी पाण्यासारखे पळतात, मग रेंगाळतात आणि शेवटी दोन थेंब एकमेकांना धरून पडतात. तिथे गॅस बंद. रंग असा येतो की बरणी खिडकीत ठेवून बघत राहावं.

फडक्यातला चोथाही वाया घालवू नका. बिया काढायला वेळ लागतो खरा, पण गूळ, तिखट, मीठ घालून परतला की भाकरीबरोबर त्याच रात्री संपतो.

आता परसातला रातांबा. फळं अर्धी करून गर, बिया वेगळ्या काढा, त्यांत मीठ घाला. त्या रसात सालं भिजवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा भिजवायची. तीन-चारदा असं झालं की आमसुलं काळीभोर होतात. हे सगळं मिरगाच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी, उरकायला हवं. पाऊस आला की ऊन मिळत नाही, आणि तिकडे जाळीतली करवंदंही पाणचट होतात, किडतात. हातात तीन आठवडे आहेत. येत्या रविवारीच निघा.

नमस्कार.