सुभद्रेला झोपू द्या

(कोल्हापुरात गरोदर महिला आणि त्यांच्या घरच्यांसमोर झालेलं व्याख्यान, संपादित करून)

पुढच्या खुर्च्या पोटुश्या पोरींना द्या, आणि पाय वर ठेवायला समोर एकेक जादा खुर्ची. सासूबाई, तुम्हीही बसा. आजचं निम्मं बोलणं तुमच्यासाठीच आहे.

पोटातल्या बाळाशी नातं म्हटलं, की आपल्याकडं पहिला अभिमन्यू निघतो. सुभद्रेला झोप लागली, हुंकार थांबला, आणि चक्रव्यूहातून बाहेर पडायची विद्या पोराला मिळालीच नाही. म्हणजे दोष कुणाचा? दमून झोपलेल्या गरोदर बाईचा! द्रोणपर्व उघडून बघा. तिथं अभिमन्यू युधिष्ठिराला सांगतो, व्यूह फोडायची विद्या मला वडिलांनी शिकवली, संकटात बाहेर पडायची मात्र येत नाही. त्या जागी आईच्या झोपेचा शब्दही नाही. तरी डोहाळजेवणात ही गोष्ट निघते, आणि सातव्या महिन्यातली पोरगी रात्री अकराला डोळे ताणून पोथी वाचत बसते. झोपले तर बाळाचं काही राहून जाईल, ही धास्ती. याचा मला राग येतो. झोपू द्या तिला. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर तेवढं कुशीवर झोपा. उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मागच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो आणि वारेकडं, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटाकडं, जाणारं रक्त कमी होतं. मध्येच जाग आली आणि उताणी असलीस, तर घाबरू नको, कूस बदल.

बाळ ऐकतं, हे मात्र खरं. साधारण पंचविसाव्या आठवड्यापासून आवाजाला दाद देऊ लागतं. आईचा आवाज हवेतून जातो तसा तिच्या हाडामांसातूनही आत जातो. १९८० साली डीकॅस्पर आणि फिफर या संशोधकांनी अमेरिकेत तीन दिवसांच्या आतल्या बाळांना चोखायला बोंडलं दिलं. चोखण्याच्या लयीवर कुणाचा आवाज लागणार ते ठरत होतं, आणि बाळं आपल्या आईचा आवाज लागेल तशी चोखत होती. मग पोटाला हेडफोन कशाला बांधता? भाजी निवडताना गुणगुणलीस, जावेशी बोललीस, तेही पोचतं. बाबांनी पोटाजवळ तोंड नेऊन रोज पाच मिनिटं बोलावं, एवढं पुरे.

आणि हो, डॉल्बी. आईच्या अंगातून आत जाताना बारीक, उंच स्वर गाळले जातात, पण जाड घुमणारा आवाज बराचसा तसाच पोचतो. छातीत धडधडतं तोच तो. विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडला भिंतीएवढ्या स्पीकरसमोर गरोदर बाईला उभी करू नका. देवाचं दर्शन दुसऱ्या दिवशीही होतं.

चिठ्ठी आली, वेळ संपत आली. ज्यासाठी बोलावलंत ते आता भरभर सांगते. बाळाला शिकवू नका, त्याचं ऐका. त्याची भाषा म्हणजे हालचाल. पहिलटकरणीला ती अठरा ते वीस आठवड्यांत कळते. वार पुढच्या बाजूला असेल तर थोडी उशिरा. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून रोज ठरल्या वेळी, जेवण झाल्यावर, लघवीला जाऊन ये, डाव्या कुशीवर पड आणि मोज. लाथ, ढुशी, कूस बदलणं, सगळं धर. एका लयीत येणारी उचकी धरू नको. दहा हालचाली व्हायला किती वेळ लागला ते कॅलेंडरवर लिही. बाळ झोपलेलं असतं, पण ती झोप बहुधा वीस ते चाळीस मिनिटांची, नव्वदच्या पुढं क्वचितच जाते. दोन तासांत दहा झाल्या नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा कमी वाटलं, तर लगेच दवाखाना.

सासूबाई, हे तुमच्यासाठी. ‘नववा लागला की जागा कमी पडते, बाळ गप्प होतं’, असं सुनेला सांगू नका. हालचालीची तऱ्हा बदलते, ढुशीऐवजी लोळल्यासारखं वाटतं, पण हालचाल कमी होत नाही. ती कमी होणं हा कधीकधी वारेतून पुरवठा घटल्याचा पहिला इशारा असतो. गोड खायला घालून सकाळची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी उठवा, गाडी काढा. गाडी नसेल तर १०८ लावा.