शुक्रवारी सकाळी सर्व्हर का बसतो

आधीच सांगून टाकतो, आज मी क्लाउड, कुबरनेटिस असलं काही बोलणार नाहीये, ते बोलणारे बरेच आहेत आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. मी बोलणार आहे पुण्याजवळच्या भोसरी, चाकण, तळवड्यातल्या त्या कंपन्यांबद्दल जिथे आयटी डिपार्टमेंट म्हणजे दोन माणसं, एक रॅक आणि जिन्याखालची खोली, आणि त्या खोलीतला एसी पण कुणीतरी जाता जाता बंद करून जातो. सर्व्हर त्यांच्याकडे, वेबसाइट त्यांच्याकडे, ईआरपी (हिशोब, स्टॉक, बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर) त्यांच्याकडे, आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी फोन त्यांनाच. हसताय म्हणजे तुमच्यातले बरेच जण त्यातलेच आहेत.

तर आपल्याकडे इंडस्ट्रीची सुट्टी गुरुवारी आणि महावितरणचं मेंटेनन्सपण गुरुवारीच. यूपीएस थोडा वेळ तग धरतो, मग सगळं धाडकन बंद. संध्याकाळी लाइट येते, मशीन्स आपापली चालू होतात, आणि शुक्रवारी पहिल्या शिफ्टला फोन वाजायला लागतात. अकाउंट्सवाले म्हणतात ईआरपी उघडत नाही, नुसतं ‘५०२ बॅड गेटवे’ येतंय. स्टोअरवाला म्हणतो पासवर्ड बरोबर टाकतोय तरी लॉगिन घेत नाही. डिस्पॅचवाले म्हणतात ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारं सरकारी पोर्टलवरचं बिल, निघत नाहीये, आणि माल राज्याबाहेर जाणारा, ५०,००० रुपयांच्या वरचा, म्हणजे बिलाशिवाय ट्रक हलवता येत नाही. ड्रायव्हर चहा पीत बसलाय आणि मॅनेजर तुमच्या डोक्यावर उभा.

अशा वेळी सगळे काय करतात? सगळं रीस्टार्ट मारतात. माझं रीस्टार्टशी भांडण नाही हो, धंदा अडलाय तर मारावाच लागतो. पण त्याच्या आधीची दोन मिनिटं कुणी देत नाही त्याचं मला वाईट वाटतं, कारण पुरावा सगळा त्या दोन मिनिटांत असतो. कुठली प्रोसेस अडकली होती, डेटाबेसला किती कनेक्शन्स लागली होती, मेमरी कुणी खाल्ली होती, हे सगळं रीस्टार्टबरोबर जातं. बऱ्याच लिनक्स मशीनवर सिस्टिमडीचा, म्हणजे सर्व्हिसेस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमचा, जर्नल (त्याची नोंदवही)सुद्धा नुसता मेमरीत असतो, /वार/लॉग खाली ‘जर्नल’ नावाचा फोल्डर नसेल तर रीबूटनंतर आधीचे लॉग गायब. घरी गेल्यावर, म्हणजे ऑफिसात गेल्यावर, तेवढा फोल्डर आहे का बघा आधी.

आता आपल्या शुक्रवारच्या तीन तक्रारी घेऊ. ५०२ म्हणजे काय, तर पुढचा वेब सर्व्हर, समजा एन्जिनएक्स, तो जिवंत आहे, तोच तर तुम्हाला हे पान दाखवतोय, पण मागचं ॲप्लिकेशन उत्तर द्यायलाच जागेवर नाहीये. एन्जिनएक्सच्या एरर लॉगमध्ये ‘कनेक्शन रिफ्युज्ड’ दिसेल. मग ॲप्लिकेशन का नाही? तर लाइट आली तेव्हा ॲप्लिकेशनचं आणि डेटाबेसचं अशी दोन्ही मशीन्स एकदमच चालू झाली, डेटाबेसचं मशीन अचानक बंद पडलेलं म्हणून मायएसक्यूएल, म्हणजे तो डेटाबेस, आधी स्वतःची रिकव्हरी करत बसलं, त्याला काही मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात ॲप्लिकेशन उठलं, डेटाबेस सापडला नाही, पडलं, परत उठलं, परत पडलं. सिस्टिमडीचं डिफॉल्ट असं आहे की १० सेकंदांत ५ वेळा उठवून बघायचं आणि मग सोडून द्यायचं, आणि दोन प्रयत्नांमध्ये थांबतो तो फक्त १०० मिलिसेकंद. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी लाइट आल्यावर पहिल्या काही सेकंदांतच त्याचे पाचही प्रयत्न संपले आणि रात्रभर तो गप्प बसला. जर्नलमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं, ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’, पण ती ओळ वाचायला कुणी जात नाही.

आणि गंमत बघा, शुक्रवारी तुम्ही रीस्टार्ट मारता तेव्हा डेटाबेस कधीचा तयार असतो, त्यामुळे ॲप्लिकेशन पहिल्या फटक्यात चालू. सगळे खूश. ‘सर्व्हर जुना झालाय, असंच करतो’ असं कंपनीत पसरतं, नवीन सर्व्हरचं कोटेशनसुद्धा मागवलं जातं, आणि पुढच्या वेळी लाइट गेली की परत तेच. उपाय काय होता? सर्व्हिसच्या फाइलमध्ये रीस्टार्टसेक, म्हणजे दोन प्रयत्नांमधला थांबा, ३० सेकंद करायचं, एक ओळ. काही जण म्हणतील ‘आफ्टर’ लावू ना, पण ते एकाच मशीनवरच्या सर्व्हिसेसचा क्रम लावतं, शेजारच्या मशीनवर काय चाललंय ते त्याला कुठून कळणार.

दुसरी आणि तिसरी तक्रार, लॉगिन आणि ई-वे बिल, या वरवर बघितलं तर दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. एक आपल्या आतली, एक बाहेरच्या पोर्टलची. लोक लगेच ठरवून टाकतात की पोर्टल डाउन असेल, सरकारी आहे म्हटल्यावर शंका पण येत नाही कुणाला. पण दोन्हीच्या मुळाशी घड्याळ. जुन्या होस्ट मशीनच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेलेला असतो, लाइट असते तोवर कळत नाही, लाइट गेली की मशीनची तारीख काही वर्षं मागे. त्यावरच्या व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे त्या एका मशीनच्या आत चालणारी आभासी मशीन्स, उठताना होस्टची वेळ उचलतात. आणि डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर, त्यातच असेल तर ऑफिसातली बाकीची मशीन्स वेळ त्याच्याकडून घेणार, म्हणजे ज्यानं इतरांचं घड्याळ सुधारायचं त्याचंच बिघडलेलं. विंडोज डोमेनचं लॉगिन चालतं कर्बेरॉस नावाच्या ओळख तपासायच्या पद्धतीवर, आणि तिला डिफॉल्टप्रमाणे दोन घड्याळांत ५ मिनिटांच्या वरचा फरक चालत नाही. त्यामुळे जो रात्री लॅपटॉप घरी घेऊन गेला होता, ज्याची वेळ बरोबर आहे, त्यालाच लॉगिन मिळत नाही! आणि तिकडे ई-वे बिलवाली सर्व्हिस पोर्टलला जोडायला जाते तेव्हा पोर्टलचं सर्टिफिकेट (त्याचं डिजिटल ओळखपत्र) तिच्या दृष्टीनं अजून जन्मालाच आलेलं नसतं, लॉगमध्ये ‘नॉट येट व्हॅलिड’. त्या दोन मिनिटांत पहिली कमांड कुठली असं मला कुणी विचारलं तर ‘डेट’, मशीनची तारीख-वेळ दाखवणारी, बाकी सगळं नंतर.

हे रीस्टार्टनं सुटलं असतं का? नाही. पण वेळ हातानं नीट करून पण सुटलं असं समजू नका, सेल बदला आणि होस्टला बाहेरचा एनटीपी सर्व्हर, म्हणजे बरोबर वेळ सांगणारा सर्व्हर, द्या.

वेळेवरून आठवलं, दुसरी एक जागा जिथे मी हमखास लोकांना चकवा लागलेला बघितलाय. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. दिवसा काम करणाऱ्या ऑफिसला हे कधीच कळत नाही. कळतं ते थर्ड शिफ्टला. रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात केलेल्या चलनावर आदल्या दिवसाची तारीख. वर्षभर कुणी लक्ष देत नाही, आणि मग १ एप्रिलच्या पहाटे काढलेलं इनव्हॉइस ३१ मार्चचं होतं, म्हणजे आधीच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतं, आणि जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, भरताना सीए फोन करून विचारतो की हे काय. डेव्हलपर सांगतो माझ्याकडे टेस्ट केलं तर बरोबर येतंय, आणि तो खोटं बोलत नसतो, तो दुपारी तीनला टेस्ट करतो ना. तक्रारीची सीमा साडेपाचवर येतेय असं दिसलं की कोड उघडायच्या आधी टाइमझोन बघा.

५०४ ही एरर वेगळी हां. त्यात मागचं ॲप्लिकेशन आहे, ऐकतंय, पण वेळेत उत्तर देत नाही, एन्जिनएक्स डिफॉल्टला ६० सेकंद थांबतो. लोक काय करतात, ते ६० चं ३०० करतात. मग काय होतं, जो रिपोर्ट आधी एका मिनिटात पडायचा तो आता पाच मिनिटं डेटाबेसला लटकून राहतो, वैतागलेला माणूस तीनदा रिफ्रेश मारतो, आणि मागे तोच रिपोर्ट चार वेळा चाललेला असतो. मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग चालू करा, तो मुळात बंदच असतो, आणि चालू केला तरी १० सेकंदांच्या वरचंच लिहितो, ते २ वर आणा. बहुतेक वेळा एखादा इंडेक्स, म्हणजे डेटा पटकन शोधायची सूची, नसतो, बाकी काही नाही.

पीएचपीत वेबसाइट लिहिणाऱ्यांचं अजून एक. लॉगमध्ये येतं की मॅक्स चिल्ड्रन, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या प्रोसेसची मर्यादा, संपले, वाढवा. लोक लगेच ५ चे २०० करतात. अहो एकेक प्रोसेस ५०-६० एमबी घेत असेल तर २०० म्हणजे १० जीबीच्या वर, आणि मशीनला रॅम ४ जीबी. गर्दी झाली की लिनक्स मेमरीसाठी कुणाला तरी मारतो, आणि मारतो बहुतेक सगळ्यात जाड्याला, म्हणजे मायएसक्यूएलला. आता तक्रार येते ‘डेटाबेस क्रॅश होतोय’. डेटाबेसचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. ‘डीमेसेज’ या कमांडमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा, नाव आणि वेळ दोन्ही मिळतं.

डिस्क भरल्याचं पटकन सांगतो. डीएफ कमांड (अख्ख्या डिस्कचा हिशोब) म्हणतं भरली, डीयू (फाइलींची बेरीज) म्हणतं जागा आहे, तर कुणीतरी मोठी लॉग फाइल डिलीट केलीय पण प्रोसेसनं ती अजून उघडी धरलीय, एलएसओएफमध्ये, म्हणजे उघड्या फाइलींच्या यादीत, ‘डिलीटेड’ असं दिसेल. आणि डीएफच जागा आहे म्हणत असेल तरी फाइल बनत नसेल तर आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदीच्या जागा, संपलेत, ‘डीएफ हायफन आय’ मारून बघा.

बॅकअपवर फक्त एक गोष्ट. गिटलॅबचं, म्हणजे लोकांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचं, प्रकरण तुम्ही ऐकलं असेल, ३१ जानेवारी २०१७. रात्री उशिरापर्यंत काम चाललेलं, इंजिनिअरला वाटलं आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत आणि त्यानं डेटाचा फोल्डर उडवला तो मुख्य सर्व्हरवरचा. सुमारे ३०० जीबी. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, की रोजचा बॅकअप आधीपासूनच फेल होत होता, बॅकअप घेणारं टूल जुन्या व्हर्जनचं आणि डेटाबेस नव्या, आणि फेल झाल्याच्या ज्या मेल निघत होत्या त्या मेल सर्व्हर नाकारत होता. शेवटी हाताशी लागला सहा तास आधीचा एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची डेटाची नक्कल, तोही कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला. हे सगळं त्यांनी स्वतःहून जाहीर लिहिलंय, त्याला मी मानतो. तुमच्याकडे ‘बॅकअप फेल झाला तर मेल येते’ असं असेल तर ते उलटं करा, झाला की मेल येऊ दे, आणि नाही आली की विचारा.

मगाशी मागून एकानं विचारलं की हे सगळं ठीक आहे, पण साहेब दर पाच मिनिटांनी येऊन विचारतात ‘किती वेळ लागेल’, तर त्यांना काय सांगायचं. साहेबांना वेळ सांगू नका, कारण ती तुम्हाला माहितीच नसते आणि ‘दहा मिनिटं’ म्हणून पाऊण तास लावलात की पुढच्या वेळी तुमचं कुणी ऐकत नाही. त्यांना सांगा, ‘साडेदहाला मी तुम्हाला येऊन सांगतो काय सापडलं ते,’ आणि काही सापडलेलं नसलं तरी साडेदहाला जाऊन उभे राहा. आणि दोघं असाल तर एकानं फोन घ्यायचे, दुसऱ्याच्या हातात कीबोर्ड.