स्वाराची आखूड बंदूक: मराठवाड्याच्या छावण्या आणि त्यांची काडतुसं

(दृश्य: माळवदाचा जुना वाडा, ढाळजेच्या भिंतीवर टांगलेली तलवार)

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत तलवार सापडते. दसऱ्याला ती खाली उतरते, तिला हळदकुंकू लागतं. भाल्याचं फाळ सापडतं, ठासणीच्या बंदुकीची गंजलेली नळीही अधूनमधून हाती लागते. पण इथल्या घोडेस्वारांनी वर्षानुवर्षं वागवलेली कार्बाइन, म्हणजे घोड्यावरून वापरायची आखूड बंदूक, घराघरांत सापडत नाही. जुनी लष्करी शस्त्रं जमवणाऱ्यांना ही उणीव फार जाणवते. त्या उणिवेतच आपल्या भागाचा एक मोठा इतिहास आहे.

(दृश्य: नकाशा. औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद)

निजामाच्या खर्चानं आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या फौजेला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. तिच्या छावण्या औरंगाबाद (आजचं छत्रपती संभाजीनगर), जालना, हिंगोली आणि मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होत्या. तिचं घोडदळ शिलेदारी पद्धतीचं. घोडा स्वाराचा, खोगीर स्वाराचं, तलवारही त्याचीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारकडून मिळायची ती बंदूक आणि काडतुसं. नोकरी संपली की तलवार घरी यायची, कार्बाइन कोठारात जमा व्हायची.

सरकार बंदुकांची मोजणी इतकी कडक का ठेवायचं, याचं उत्तर औरंगाबादेत आहे. जून 1857 मध्ये कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळातले स्वार इथे बिथरले. मीर फिदा अली यांनी कॅप्टन अॅबटवर गोळी झाडली, ती लागली नाही. फिदा अलींना फाशी झाली, इतरांना गोळ्या घातल्या गेल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं गेलं. शहरातला काळा चबुतरा आणि क्रांती चौक ती आठवण सांगतात.

(दृश्य: दोन नळ्यांची रेखाचित्रं, एक पीळ असलेली, एक गुळगुळीत)

त्यानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायाच्या हातातलं हत्यारच बदललं. एनफील्ड या इंग्रजी बंदुकीच्या नळीत आतून पीळ असतात. त्या पिळांमुळे गोळी फिरत जाते आणि लांबवर नेमकी लागते. हिंदी फौजेसाठी मुद्दाम गुळगुळीत नळीच्या बंदुका बनवल्या गेल्या. पुढेही एक पिढी मागे ठेवण्याचं धोरण चालू राहिलं. गोऱ्या शिपायाकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायाकडे स्नायडर होती. गोऱ्याला ली-मेटफर्ड मिळाली, तेव्हा मार्टिनी इकडे उतरली. म्हणून जुन्या फोटोत स्वाराच्या खोगिराला लागलेली कार्बाइन ओळखू आली, तर त्यावरून नुसतं सालच कळत नाही. सरकारचा त्याच्यावर किती भरवसा होता, तेही कळतं. मला वाटतं, या छंदातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

मार्टिनी कार्बाइनची नळी सुमारे 21 इंचांची. पायदळाच्या बंदुकीची 33 इंच. बंदूक आखूड आणि हलकी झाली की धक्का खांद्याला जास्त बसतो, म्हणून कार्बाइनचं काडतूस वेगळं केलं. पायदळाच्या काडतुसात 85 ग्रेन (ग्रेन म्हणजे वजनाचं एक छोटं माप) दारू आणि 480 ग्रेनची गोळी असायची, कार्बाइनच्या काडतुसात 70 ग्रेन दारू आणि 410 ग्रेनची गोळी. आधीची पुंगळी, म्हणजे दारू आणि गोळी धरून ठेवणारं काडतुसाचं कवच, पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून बनवलेली असे. तापलेल्या नळीत ती फाटायची आणि अडकून बसायची. पुढे सबंध पितळ ओढून केलेली पुंगळी आली.

(दृश्य: तोंडाशी तडकलेली पितळी पुंगळी, अगदी जवळून)

आणि त्या ओढलेल्या पितळेनं नवीन कोडं घातलं. पावसाळ्यात मोहिमा थंडावायच्या. हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेत तेवढे महिने काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवली जायची. पाऊस सरून पेट्या उघडल्या की कितीतरी पुंगळ्या तडकलेल्या निघत, विशेषतः जिथे पितळ गोळीभोवती आवळलेलं असतं तिथे. कुणी हात लावला नाही, काही आपटलं नाही, तरी पितळ फाटलेलं. दर पावसाळ्यात हेच. कारण नीट उलगडलं ते 1921 मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवलं की घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर काम करतो. थंड अवस्थेत ओढल्यामुळे धातूत आधीच ताण कोंडलेला असतो. अमोनिया आणि हा ताण एकत्र आले की धातू तडकतो. उपाय साधा होता: पुंगळी बेतानं तापवून तो ताण सोडवायचा. आजही लष्करी पुंगळीच्या तोंडाशी निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, तो याच तापवणीचा.

जालन्याचे एक निवृत्त शिक्षक गेली अनेक वर्षं लष्करी पितळेच्या खुणा टिपून ठेवतात. त्यांचा संग्रह बहुतेक वह्यांमध्ये आणि फोटोंमध्ये आहे. भरलेलं असो की रिकामं, कुठलंही काडतूस पोलीस ठाण्यात दाखवून विचारल्याशिवाय घरात ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम.

"सर, हे चकचकीत का करत नाही?" आम्ही विचारलं.

"घासायचं नाही बघा," ते म्हणाले. "भांडी घासायच्या कित्येक औषधांत तोच अमोनिया असतोय. अन् गोठ्याशेजारच्या खोलीत तर अजिबात ठेवायचं नाही. बूड वाचता आलं पाहिजे, बास."

(दृश्य: वहीचं पान, पुंगळीच्या बुडाचे ठसे)

बुडावर के आणि एफ ही अक्षरं आणि मध्ये बाण असेल, तर ते काडतूस पुण्याजवळच्या खडकी कारखान्यातलं. रोमन सात असेल तर .303 इंची लष्करी बंदुकीचं सातव्या नमुन्याचं, 1910 नंतरचं. त्यातली गोळी 174 ग्रेनची, आणि टोकाशी शिशाऐवजी अॅल्युमिनियम किंवा लाकडाचा लगदा. त्यामुळे वजन मागे राहतं.

1903 मध्ये कंटिंजंटचे रिसाले, म्हणजे घोडदळाच्या पलटणी, ब्रिटिश हिंदी सैन्यात मिळवले गेले आणि हिंगोली, जालन्याचं लष्करी वैभव ओसरलं. त्याच सुमारास 25 इंची नळीची शॉर्ट ली-एनफील्ड आली. पायदळाला आणि घोडदळाला एकच बंदूक. वेगळ्या कार्बाइनची गरजच संपली. याच रिसाल्यांतून घडलेलं 20 वं डेक्कन हॉर्स 14 जुलै 1916 ला फ्रान्समध्ये, पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत, हाय वूडजवळ भाले घेऊन दौडलं.

(दृश्य: नळदुर्ग किल्ला, बोरी नदी)

मग 1948. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून आत शिरल्या आणि नळदुर्ग पहिल्याच दिवशी हाती आला. 17 तारखेला निजामानं शरणागती दिली. त्या काळात स्टेनगनचं अधिकृत नाव मशीन कार्बाइन असं होतं. आपल्या पोलिसांच्या हाती पुढे आलेली 9 मिलिमीटरची कार्बाइन कानपूरच्या कारखान्यातली.

आता कायद्याबद्दल, कारण इथे ढिलाई चालत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस ठेवणंही गुन्हा आहे. दुरुस्त करूनही जिच्यातून गोळी सुटू शकत नाही अशा कालबाह्य किंवा पुराणमूल्याच्या हत्याराला कलम 45 मध्ये सूट आहे, पण तसं आहे की नाही हे घरबसल्या आपण ठरवू नये. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारशानं आलेली बंदूकही त्यात मोजली जाते. शेतावर परवान्याची .315 मापाची बंदूक दिसते, तीही सरकारच्या याच सावधगिरीतून आली: .303 हे लष्कराचं माप सामान्य माणसासाठी बंद, म्हणून नागरिकांसाठी हे वेगळं माप, आणि इशापूरच्या कारखान्यानं त्या मापाच्या बंदुका बनवल्या.

वाडा पाडताना काडतुसं सापडली तर त्यांच्यावर हातोडा मारू नका, चुलीजवळ नेऊ नका, भंगारवाल्याला देऊ नका. कोरडी राहिलेली दारू शंभर वर्षांनीही पेटू शकते. ती आहेत तिथेच राहू द्या आणि पोलिसांना बोलवा.

(दृश्य: उर्दू-फारसी अक्षरांचा जुना कागद)

राहिले कागद. हैदराबादच्या तारनाक्यावरच्या राज्य अभिलेखागारात निजामी दप्तर आहे, पण स्वारांच्या घरांतले कागद कुठल्याच दप्तरात नाहीत. पणजोबांच्या नावापुढे सवार, दफेदार किंवा रिसालदार लिहिलेली सनद, पेन्शनचं पत्र किंवा वर्दीतला फोटो घरात असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि मूळ कागद कोरड्या जागी ठेवा. रिसाल्याचा क्रमांक आणि साल कळलं, की त्या माणसाच्या खोगिराला स्नायडर लागलेली होती की मार्टिनी, ते शोधायला लागता येतं.