कोवळ्या ॲस्पेनमधला पक्षी

अमेरिकेतील मिशिगन राज्याचा उत्तरेकडचा भाग, ज्याला अप्पर पेनिन्सुला म्हणतात, तो सुपीरियर आणि मिशिगन या दोन सरोवरांच्या मधोमध पसरलेला आहे. तेथे दरवर्षी १५ सप्टेंबरला ग्राउस या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम उघडतो. पहिल्या दिवसाचा उत्साह मोठा असतो, परंतु जाणते शिकारी खरी वाट पाहतात ती ऑक्टोबरची. सप्टेंबरात पालवी इतकी दाट असते, की चार पावलांवर चालणारा स्वतःचा कुत्राही दिसत नाही. ऑक्टोबरात ॲस्पेन या झाडांची पाने पिवळी होऊन गळू लागतात, नेच्यांवर पहाटेचे दहिवर गोठते, आणि नजर प्रथमच झाडीच्या आत शिरू शकते.

या जंगलातल्या पक्ष्याचे नाव रफ्ड ग्राउस. तो कोंबडीच्याच गणातला, आपल्या तित्तरापेक्षा अंगाने मोठा आणि वजनाने अर्ध्या किलोहून थोडा अधिक असतो. मानेभोवती काळ्या पिसांची झालर, शेपटीच्या टोकाशी काळा पट्टा, आणि अंगावर करड्या किंवा तांबूस रंगाची अशी नक्षी, की पाचोळ्यात स्थिर बसला तर तो पायाखाली येईपर्यंत दिसू नये. वसंतात नर एखाद्या पडलेल्या ओंडक्यावर उभा राहून पंखांनी हवेवर जोराने प्रहार करतो. तो घुमणारा आवाज, दूरवर एखादे जुने इंजिन सुरू व्हावे तसा, प्रथम अडखळत आणि मग झपाट्याने वाढत जातो. तो कानांपेक्षा छातीला अधिक जाणवतो. शिकारीच्या दिवसांतही तरुण नर आपली हद्द सांगण्यासाठी असे पंख घुमवतात, आणि तो आवाज ऐकल्यावर शिकारीला निघालेला माणूस जागच्या जागी थांबतो. तेवढे थांबणेही या छंदातील एक सुख आहे.

ग्राउसच्या शिकारीचा गाभा आहे जंगलाचे वय ओळखणे. ॲस्पेनचे जुने झाड तोडले, की त्याच्या मुळांतून असंख्य धुमारे फुटतात, आणि काही वर्षांत मनगटाएवढ्या खोडांचे इतके दाट रान उभे राहते, की त्यातून माणसाला खांदा तिरपा करूनच चालावे लागते. ससाणे आणि घुबडे या गर्दीत सहज झेपावू शकत नाहीत, म्हणून ग्राउसची पिल्ले तेथे सुरक्षित वाढतात. पुढे हेच रान विरळ आणि उंच होते, तेव्हा पक्षी ते सोडतो. हिवाळ्यात मात्र त्याला मोठी झाडेही लागतात, कारण बर्फाने जमीन झाकली गेल्यावर तो ॲस्पेनच्या नर झाडांच्या फुलकळ्या खाऊन जगतो. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधक गॉर्डन गुलियन यांनी क्लोके येथील जंगलात अनेक वर्षे अभ्यास करून ग्राउस आणि ॲस्पेन यांचे हे नाते उलगडून दाखवले, आणि लहानमोठ्या वयाचे तुकडे शेजारी शेजारी राहतील अशा बेताने वृक्षतोड करावी, असा आग्रह धरला. म्हणूनच चांगला शिकारी नकाशावर जुन्या तोडीच्या कडा शोधतो. कोवळे रान संपून मोठी झाडी सुरू होते ती रेघ, ओढ्याकाठची अल्डरची झुडपे, जंगली सफरचंदाचे एकटे झाड, क्लोव्हर उगवलेली लाकूडतोड्यांची जुनी वाट, अशा जागा त्याच्या स्मरणात पक्क्या बसलेल्या असतात. एकाच जंगलात वर्षानुवर्षे हिंडणाऱ्याला त्या जंगलाचे वाढणे जसे कळते, तसे ते क्वचितच दुसऱ्या कोणाला कळत असेल.

आता कुत्र्याकडे पाहू. इंग्लिश सेटर नाक वर करून वारा घेत झाडीत नागमोडी धावतो, आणि त्याच्या गळ्यातली घंटा मालकाला त्याचा ठावठिकाणा सांगत राहते. पुष्कळ जण आता उपग्रहाशी जोडलेला पट्टा वापरतात, पण घंटा आवडणारेही उरले आहेत, आणि माझे मत त्यांच्या बाजूने आहे. ती वाजत असते तोवर चालायचे असते. ती अचानक थांबली, की कुत्र्याला पक्ष्याचा गंध लागून तो ताठ उभा राहिला आहे, असे समजावे. मग शिकारी काट्यांतून वाट काढत त्याच्यापुढे जातो. पक्षी कोठे आहे हे कुत्र्याला ठाऊक असते, माणसाला नसते, आणि माणसाने त्या नाकावर पूर्ण विश्वास टाकावा लागतो. पंखांचा धडाका होतो, पक्षी एका खोडाच्या आडून दुसऱ्याच्या आड निसटतो, आणि हलकी दुनळी खांद्याला लावून चाप ओढण्यास जेमतेम एक क्षण मिळतो. बहुतेक वेळा छर्रे ॲस्पेनच्या सालीत जातात. ज्याला हे सहन होत नाही, त्याने या पक्ष्याच्या वाटेला जाऊ नये.

त्याच ओलसर झुडपांत वुडकॉकही भेटतो. लांब चोचीने मातीतील गांडुळे काढणारा हा लहान पक्षी ऑक्टोबरात रात्रीच्या प्रवासाने दक्षिणेकडे सरकतो, त्यामुळे काल रिकामे असलेले रान आज भरलेले सापडू शकते.

अमेरिकेच्या पश्चिमेकडे, नेव्हाडा राज्याच्या कोरड्या खडकाळ डोंगरांवर, शिकारी ज्याच्यामागे धापा टाकत चढतात तो पक्षी मराठी श्रोत्यांच्या ओळखीचा आहे. तो चकोर. आपल्या काव्यात चांदणे पिणारा हा पक्षी भारतीय उपखंडातून अमेरिकेत नेऊन सोडण्यात आला आणि तेथे रुजला. तो चढावर पायी पळतो आणि उतारावर उडतो, म्हणून त्याची शिकार म्हणजे पायांची परीक्षा असते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशा पक्ष्यांची शिकार करता येत नाही, आणि आपल्या माळरानांची आजची अवस्था पाहता ते योग्यच आहे.

मिशिगनमध्ये परवाना लागतो आणि उत्तर भागात एका दिवसात ५ हून अधिक ग्राउस मारता येत नाहीत. सूचिपर्णी झाडांत राहणारा, माणसाला फारसा न भिणारा स्प्रूस ग्राउस तेथे संरक्षित आहे, तेव्हा चाप ओढण्यापूर्वी पक्षी ओळखता आलाच पाहिजे. १९३७ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार शिकारीच्या बंदुका आणि काडतुसे यांच्यावरील कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटला जातो.

हाती आलेला पक्षी प्रथम हातात धरून नीट पाहावा, असा जाणत्यांचा रिवाज आहे. शेपटीचा काळा पट्टा मधल्या पिसांवर अखंड असला, तर बहुधा तो नर असतो. नंतर गळ्याजवळची अन्नपिशवी उघडली जाते. तिच्यात कधी क्लोव्हरची हिरवी पाने असतात, कधी हॉथॉर्नची लाल फळे, कधी हेझलचे तुरे. फिकट, नाजूक मांस रात्री लोण्यावर परतले जात असताना टेबलावर नकाशा उघडलेला असतो, आणि त्या पिशवीत जे सापडले ते उद्या कोठल्या उतारावर मिळेल, यावर चर्चा चाललेली असते.