जाराचं जंगल: खाणीनंतर

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराच्या दक्षिणेला, डोंगरांवर पसरलेलं हे जाराचं जंगल. जारा ही निलगिरीचीच एक जात. झाडांच्या मुळांखाली बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचं खनिज, आहे आणि १९६३ पासून तो काढला जातोय.

खाण पुढे सरकली की मागच्या खड्ड्यात झाडं लावायची, हा शिरस्ता जुनाच. पण लावले ते पाइन आणि पूर्व ऑस्ट्रेलियातल्या निलगिरी. मुळं कुजवणाऱ्या फायटोफ्थोरा रोगापुढे जारा तग धरणार नाही, ही धास्ती होती. (गोव्यातल्या खाणींच्या डंपांवर लावलेली अकेशिया मूळची ऑस्ट्रेलियाचीच. लवकर हिरवं दिसलं पाहिजे, ही घाई तिथे होती.) १९८८ पासून इथे पुन्हा जारा लावू लागले.

आता ही माती बघा. रानाचं बहुतेक बियाणं वरच्या काही सेंटीमीटरांतच असतं. ढीग घालून ठेवली तर बी मरतं. म्हणून नव्या जागेवरची वरची माती खरवडून लगेच तयार खड्ड्यावर पसरतात. तरीही काही बिया हटून बसतात. वणवा लागून गेल्यावरच रुजतात. धुरातलं कोणतं द्रव्य त्यांना जागं करतं, ते पर्थच्या संशोधकांनी २००४ मध्ये शोधलं. लव्हाळ्याच्या जातीतली काही झाडं त्यालाही दाद देत नाहीत, त्यांची रोपं प्रयोगशाळेत टिश्यू कल्चरनं करावी लागतात.

पण काय परत आणायचं, हे कळायला आधी काय होतं ते ठाऊक हवं. खाणीच्या परवानगीसाठी सर्वेक्षणं होतात, झाडं-सरडे-पक्षी नोंदले जातात. या नोंदी वर्षानुवर्षं अहवालांच्या परिशिष्टांत पडून राहायच्या. २०१८ पासून त्यांचा मूळ डेटा ठरलेल्या साच्यात, नकाशासकट सरकारकडे द्यावा लागतो आणि तो सगळ्यांना खुला होतो. कॅमेऱ्याला दाखवण्यासारखं यात काहीच नाही, पण माझ्या लेखी हे काम रोपवाटिकेच्या तोडीचं आहे.

कारण हिशेब कसा मांडता, त्यावर उत्तर बदलतं. २००१ मध्ये खाण कंपनीनं सांगितलं, वनस्पतींच्या जातींची संख्या मूळ जंगलाइतकी झाली. २०२४ मध्ये संशोधकांनी जंगलाची घडणही तपासली आणि या पुनर्लागवडीला पाचपैकी दोन तारे दिले. इथला काळा काकाकुवा जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. तशी ढोली व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागतात, आणि १९८८ च्या जाराची अजून चाळिशीही झालेली नाही.