ताटाची डावी बाजू आणि रक्तदाब

श्रोतेहो, नमस्कार. घरात कुणाला उच्च रक्तदाब असल्याचे कळले की पहिले फर्मान सुटते ते मीठ बंद करण्याचे. मग दोन दिवस अळणी आमटी पुढ्यात येते आणि तिसऱ्या दिवशी सारा बेत बारगळतो. म्हणून आज दोन नामांकित आहारपद्धती आपल्या पुणेरी स्वयंपाकघराशी ताडून पाहू.

पहिली ‘डॅश’, म्हणजे उच्च रक्तदाब रोखण्यासाठी आखलेली आहारपद्धती. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या चाचणीत मीठ आणि वजन स्थिर ठेवून फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ वाढवले आणि संपृक्त चरबी घटवली, तेव्हा उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा नेहमीचा अमेरिकी आहार घेणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी ११ अंकांनी अधिक उतरला. पुढे २००१ सालच्या चाचणीत मीठही कमी केल्यावर तो आणखी खाली आला. दुसरी पद्धत भूमध्य सागराकाठची. ऑलिव्ह तेल, मासे व सुकामेवा यांवर उभी असलेली ही पद्धत हृदयाला हितकर खरी. पण रक्तदाबापुरते बोलायचे तर माझा कौल ‘डॅश’ला आहे, कारण ज्वारीची भाकरी, चाकवताची पातळ भाजी, मोडाच्या मटकीची उसळ आणि सायीविना लावलेल्या दह्याचे ताक हे सारे तिच्यात सहज बसते आणि त्यासाठी मंडईपलीकडे जावे लागत नाही.

अडचण आहे ती ताटाच्या डाव्या बाजूला. तिथे कोशिंबीर वाटीभर हवी; पण ती चमचाभर वाढली जाते आणि लोणचे, पापड मात्र मनसोक्त. मिसळीवरचे फरसाण, चहाबरोबरची खारी यांतले मीठ तर कुणी मोजतच नाही. उपवासाचे सैंधवही शेवटी सोडियम क्लोराइडच. त्याला सवलत नाही. कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठ मात्र डॉक्टरांना विचारूनच आणावे, कारण त्यात बहुधा पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते धोक्याचे ठरू शकते. अशा रुग्णांनी ‘डॅश’ही परस्पर सुरू करू नये. रक्तदाबाच्या गोळ्याही आपल्या मनाने थांबवू नयेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. चौघांच्या घरात या हिशेबाने एक किलोची पिशवी निदान ५० दिवस चालायला हवी, तीही बाहेरचे खाणे न धरता. पुढची पिशवी फोडाल, तेव्हा तिच्यावर पेनाने तारीख घाला.