पाय नसलेल्यांचा नाच

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'दूरचित्रवाणीवरील बाहुल्या आणि मुलांचे संगीत-नृत्यशिक्षण'. मी कळवलेलं शीर्षक होतं 'पाय नसलेल्यांचा नाच'. संयोजकांना ते जरा अशुभ वाटलं. असू दे. पत्रिकेतल्या विषयाचे तीन मुद्दे मी लिहून आणलेत आणि ते मांडणार आहे. पण आधी पायांबद्दल बोलू द्या, त्याशिवाय मला पुढं सरकता यायचं नाही.

तुम्ही सगळ्यांनी मपेट्स, म्हणजे अमेरिकन टीव्हीवरच्या त्या बाहुल्या, पाहिलेत. तो हिरवा बेडूक, केर्मिट, नाचताना डोळ्यांपुढं आणा. आणलात? आता सांगा, पाय काय करत होते? ... बघा, कुणालाच आठवत नाही. पाय आहेत त्याला, लुकडे लोंबते, पण नाचताना ते बहुतेक वेळा चौकटीच्या खाली असतात. मपेट्सचा जनक जिम हेन्सन. त्यानं 1955 मध्ये वॉशिंग्टनच्या एका केंद्रावर 'सॅम अँड फ्रेंड्स' नावाचा पाच मिनिटांचा कार्यक्रम सुरू केला. ग्रामोफोनची रेकॉर्ड लावायची आणि बाहुल्यांनी तोंडं हलवायची, असा बराचसा मामला. तिथं त्यानं एक गोष्ट हेरली. बाहुल्यांसाठी कॅमेऱ्यासमोर वेगळा छोटा रंगमंच उभारायची गरजच नाही. टीव्हीची चौकट हाच रंगमंच. चौकटीच्या खाली माणूस हात वर करून उभा, वर फक्त बाहुली. म्हणजे कमरेच्या वर बाहुलीचं राज्य आणि कमरेच्या खाली माणसाचं. नाचायचं मात्र बाहुलीनं.

यात नवल वाटायचं कारण नाही. राजस्थानच्या कठपुतळीला पाय नसतातच, लांब घोळदार घागरा असतो. खेळ करणारा तोंडात 'बोली' नावाची शिट्टी धरून आवाज काढतो, शेजारी घरातली बाई ढोलकवर साथ करते, आणि तो घागरा असा गिरक्या घेतो की पाय नाहीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. जपानच्या बुनराकूत एका बाहुलीला तीन माणसं लागतात. मुख्य कलावंत डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. गंमत अशी की स्त्री-बाहुल्यांना बहुधा पायच नसतात! मग तो पायवाला काय करतो? किमोनोची कड आतून मुठींनी अशी हलवतो की ती बाई चालते आहे असं वाटतं. नसलेले पाय चालवायला माणूस वर्षानुवर्षं शिकतो. आणि याच्या उलट टोक बघायचं असेल तर तमिळनाडूचं बोम्मलाट्टम. तिथं बाहुलीच्या दोऱ्या एका लोखंडी कड्याला बांधलेल्या असतात आणि ते कडं खेळ करणाऱ्याच्या डोक्यावर मुकुटासारखं बसवलेलं असतं. बाहुली चांगली जड. तिला नाचवायचं तर यालाच नाचावं लागतं.

म्हणजे नाच पायांत नसतोच, असं मी घरी म्हणालो. आमची बहीण कथक शिकवते. ती म्हणाली, "दादा, उद्या वर्गात ये आणि माझ्या मुलींना तत्कार शिकव." तत्कार म्हणजे नुसतं पायांचं काम. मी गेलो नाही.

पण मुद्दा सोडलेला नाही. बाहुलीचा नाच मानेत, खांद्यात आणि वजनात असतो. वजन म्हणजे काय, तर मात्रा पडायच्या किंचित आधी बाहुली उचलली जाते आणि मात्रेवर बसते. उचलणं दिसलं तरच बसणं कळतं. नवशिक्या फक्त हिसके देतो. बोलण्याचंही तेच. नवशिक्याच्या हातात बाहुली बोलायला लागली की प्रत्येक अक्षराला डोकं मागं उडतं. मुरलेला माणूस डोकं स्थिर ठेवतो आणि अंगठा खाली नेऊन जबडा उघडतो, अक्षर बाहेर पडतं त्याच क्षणी. हे करताना त्याचा हात डोक्याच्या वर, नजर खाली मॉनिटरवर. आणि मॉनिटर म्हणजे आरसा नव्हे. आपण बाहुली डावीकडे नेली की चित्रात ती उलट्या दिशेला गेलेली दिसते. शिवाय शेजारी आणखी चारजण तसेच हात वर करून उभे. अशा दाटीत चौकटीवर सात बाहुल्या मजेत डुलताना दिसतात ना, तेव्हा खाली खरं नृत्य चाललेलं असतं. ते आपल्याला कधी दाखवत नाहीत. एकदा दाखवायला हवं.

हो, तुम्ही म्हणाल 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या कार्यक्रमातल्या बिग बर्डला पाय आहेत. आहेत. आठ फुटांहून उंच पक्षी, आत अख्खा माणूस. कॅरल स्पिनी उजवा हात वर करून डोकं चालवायचे, डावा हात डाव्या पंखात, आणि बाहेरचं दिसावं म्हणून छातीवर बांधलेला छोटा मॉनिटर. उजवा पंख? तो मासे पकडायच्या दोरीनं डाव्याशी जोडलेला. डावा खाली आला की उजवा वर जातो. या अडचणीत त्या पक्ष्यानं मुलांच्या दोन-तीन पिढ्या नाचवल्या.

आता माझ्या सगळ्यांत आवडत्या गाण्याकडे येतो. 'मना मना'. नाव ऐकून समर्थ आठवले असतील तर तसा काही संबंध नाही. पिएरो उमिलियानी या इटालियन संगीतकारानं 1968 मध्ये एका चित्रपटासाठी हे केलं आणि पुढच्याच वर्षी हेन्सनच्या बाहुल्यांनी ते उचललं. 1976 मध्ये 'द मपेट शो' सुरू झाला, त्यातलं रूप बहुतेकांच्या ओळखीचं. दोन गुलाबी बाहुल्या, मोठाल्या गोल तोंडांच्या, आणि मध्ये एक झिपऱ्या केसांचा गडी. शब्दांना काही अर्थ नाही. त्या दोघी एक छोटं धृपद म्हणतात, पुन्हा म्हणतात, पुन्हा म्हणतात. गडी सुरुवातीला नियमानं आपला तुकडा टाकतो. मग त्याला चेव येतो. तो ताना घ्यायला लागतो. इकडं फिरतो, तिकडं फिरतो, भलतीकडे जातो, आणि परत यायची वाटच विसरतो. त्या दोघी गप्प. त्याच्याकडे बघताहेत. बस, नुसत्या बघताहेत. हा वरमतो, कसाबसा मुखड्यावर येतो, आणि दोघी जणू काही झालंच नाही अशा पुन्हा सुरू.

मंडळी, हा लेहरा आहे! सोलो तबलावादनाला सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा धरतात, तो काय वेगळा असतो? धरणारा मख्ख चेहऱ्यानं तेच आवर्तन वाजवत राहतो, आणि तबलजी कुठं कुठं हिंडून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. आला तर दाद, नाही आला तर पेटीवाल्याची ती नजर. मी पेटीच्या बाजूला बरीच वर्षं बसलोय, मला ती नजर माहीत आहे. सम म्हणजे काय हे मी मोठ्या माणसांना तासभर समजावलेलं आहे आणि त्यांना ते कळलेलं नाही. तीन बाहुल्या अडीच मिनिटांत समजावतात. चार वर्षांचं पोर ते बघून हसतं, आणि हसतं नेमक्या कुठल्या क्षणी? गडी हरवतो तेव्हा. त्याला सम कळल्याशिवाय हरवणं कसं कळेल? या तिघांतल्या कुणाचेही पाय दिसत नाहीत, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

आता तक्रार. ती केल्याशिवाय मी खाली बसणार नाही हे संयोजकांना माहीत आहे, म्हणूनच ते घड्याळाकडे बघताहेत. मागं एका वाहिनीसाठी मुलांची बाहुल्यांची मालिका होत होती. नाव सांगत नाही, विचारूही नका. मला संगीत सल्लागार म्हणून बोलावलं. सल्लागार म्हणजे ज्याला चहा आधी मिळतो आणि ज्याचं शेवटी ऐकत नाहीत तो. एका भागात हत्तीचं गाणं होतं. मी ते रूपक तालात बांधलं. सात मात्रा, तीन-दोन-दोन, हत्तीच्या चालीला फार शोभतो. त्यातून रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे रिकाम्या मात्रेवर, म्हणून हत्ती पाऊल टाकतोय की उचलतोय असा गोड गोंधळ. बाहुली चालवणाऱ्या दोघी मुली अतिशय गुणी. मी तोंडानं ठेका म्हणायचो आणि त्या सोंडेनं समेवर असा हलका झोका द्यायच्या की वा!

चित्रीकरणाच्या दिवशी गेलो तर गाणं ध्वनिमुद्रितच झालेलं नव्हतं. गायिकेची तारीख पुढची होती. मला सांगण्यात आलं, "सर, आधी शूट करून घेऊ, गाणं मागाहून बसवू." त्या मुलींनी विचारलं, मग नाचायचं कशावर? कुणीतरी मोबाइलवर एक चालू सिनेमातलं गाणं लावलं, सरळ चारचारच्या ठेक्याचं. त्या बिचाऱ्या त्यावर नाचल्या. मागाहून रूपकातलं गाणं त्या चित्रावर चढवलं. आता तुम्ही हिशोब करा. हत्ती नाचतोय चारात, गाणं चाललंय सातात. म्हणजे दर 28 मात्रांनी दोघांची गाठ पडणार. आणि खरं सांगतो, तेवढ्या त्या एका क्षणी हत्ती फार देखणा नाचायचा.

मी ओरडलो. निर्माते शांतपणे म्हणाले, "सर, मुलांना काय कळतंय?" आणि विसंगती झाकायला वरून ग्राफिक्सची फुलपाखरं सोडली. भरपूर. तयार झालेला भाग कार्यालयात दाखवला तेव्हा निर्मात्यांचीच सहा-सात वर्षांची मुलगी आली होती. तिनं जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "बाबा, हत्ती दुसरं गाणं ऐकतोय का?" खोलीत कुणी काही बोललं नाही. मी मात्र तिला माझं बिस्कीट दिलं. भाग तसाच गेला, फुलपाखरांसकट.

'मुलांना काय कळतंय' हे वाक्य या धंद्यात फार चालतं. त्याच वाक्यावर स्वस्त कापडाच्या बाहुल्या, बेसूर गाणी आणि... चिठ्ठी आली. 'सात मिनिटे.' यांनी रूपकातलीच वेळ दिली आहे. बरं, तीन मुद्दे. पळत घेतो.

पहिला. गाणं आधी, बाहुली मागाहून. याला अपवाद नाही. ध्वनिमुद्रण आधी व्हावं, आणि परवडत असेल तर वादक तिथंच हवेत. 2005 मध्ये अमेरिकेत 'जॅक्स बिग म्युझिक शो' आला. जॅक, मेरी आणि मेल, त्यातला मेल ड्रम वाजवणारा कुत्रा. विषयच संगीत, आणि पाहुणे म्हणून खरे गायक-वादक यायचे. खरा वादक शेजारी असला की बाहुलीला थाप मारावी लागते ती थाप पडते तेव्हाच. रॉल्फ हा पियानो वाजवणारा मपेट आठवा. त्याचं डोकं आणि डावा हात एका माणसाचा, उजवा हात दुसऱ्याचा. दोन माणसांचे दोन हात आणि एक लय. सरावाला पैसे नाहीत म्हणणाऱ्यांनी हत्ती आठवावा.

दुसरा मुद्दा, रिकामी जागा. याच्यावर मला अर्धा तास हवा होता. 'सेसमी स्ट्रीट' 1969 मध्ये सुरू होण्याच्या सुमारास जेम्स अर्ल जोन्स या नटाकडून इंग्रजी मुळाक्षरं म्हणवून घेतली होती. अगदी सावकाश, मध्ये लांब थांबे घेत. आधी अक्षर दिसायचं, मग ते उच्चारायचे. संशोधकांना दिसलं की मुलं पहिल्यांदा त्यांच्या मागून म्हणतात. पुन्हा पाहिल्यावर अक्षर दिसताच, ते बोलण्याआधी म्हणतात. आणखी काही वेळा पाहिलं की अक्षर दिसायच्याही आधी. हेच तालाला लावा. सम येण्याआधी मुलाचा हात उचलला जायला हवा. त्यासाठी तेच आवर्तन पुन्हा पुन्हा द्यावं लागतं आणि एक मात्रा मोकळी सोडावी लागते. आपल्याकडे मोकळी मात्रा दिसली की लगेच तिथं शिट्टी भरतात, घुंगरू भरतात, फुलपाखरू भरतात. मुलानं टाळी कुठं वाजवायची? ... हो हो, उरकतो.

तिसरा. जोडीदार. किर्शनर आणि टोमासेलो या संशोधकांनी 2009 मध्ये अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांनी ढोल वाजवायचा, एकदा माणसाबरोबर, एकदा यंत्राबरोबर, एकदा नुसत्या आवाजाबरोबर. माणसाबरोबर त्यांचा ठेका जास्त जुळला. आता टीव्हीतली बाहुली खोलीत नसते, हे मला मान्य आहे, त्यामुळे या प्रयोगावर फार भार टाकू नका. पण माझं म्हणणं असं की बाहुली निदान जोडीदार वाटली पाहिजे, आणि ते डोळ्यांवर ठरतं. हेन्सनकडे डॉन सालिन नावाचा बाहुल्या घडवणारा होता. डोळ्यांची बुबुळं आणि नाक यांचा तो असा त्रिकोण जुळवायचा की बाहुली तुमच्याकडेच बघते आहे असं वाटतं. अशी बाहुली समोर असली आणि तिला पाय नसले, की पायांचं काम मुलाकडे येतं. मुलांच्या नृत्यस्पर्धांत नेमकं हे होत नाही. तिथं पडद्यावरचं पोर दोन पायांवर सगळं करून टाकतं, कोलांट्यांसकट, आणि घरातलं पोर सोफ्यावर बसून गुण देतं.

यात संवादाच्या लेखनाबद्दलही होतं, वेगवेगळ्या तालांबद्दल होतं, झपतालात ससा कसा बसवायचा हे मी प्रत्यक्ष दाखवणार होतो. दुसरी चिठ्ठी आलेली आहे, ती मी वाचत नाही. दोन बाहुल्या आणल्यात, त्या टेबलावर आहेत. ज्यांना हात घालून बघायचाय त्यांनी पुढं या, मी ठेका धरतो. उंच माणसांनी कृपया खाली बसून.